जुहूच्या चिखलावर उतरलेले टपाल

विद्यार्थिमित्रांनो, कल्पना करा की, एका लहानशा विमानात तुम्ही एकटेच बसला आहात. खाली कच्छच्या रणाचा उजाड मुलूख पसरला आहे. विमानात बिनतारी संदेशयंत्र नाही. वाट चुकली तर विचारायचे कोणाला? जवळ आहेत फक्त नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ. अशा स्थितीत तुम्ही अहमदाबाद शोधून काढाल का?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी अठ्ठावीस वर्षांच्या एका तरुणाने ते शोधून काढले. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जे. आर. डी. टाटा. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला होता आणि त्यावर क्रमांक होता १! लंडनहून विमानाने आलेले टपाल कराचीला उतरत असे. ते पुढे मुंबई व मद्रासला विमानानेच न्यावे, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. टाटांनी ती उचलून धरली, तीही सरकारी अनुदानाशिवाय.

त्या दिवशीचे विमान होते 'पस मॉथ'. एकच एंजिन, सुमारे १२० अश्वशक्तीचे, आणि वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. आता थोडे गणित करू. कराची ते अहमदाबाद हे अंतर सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, म्हणजे पावणेचार तासांचे उड्डाण. समजा, वाटेत डावीकडून ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा वाहतो आहे. विमानाला जमिनीचा आधार नसतो. ज्या हवेत ते उडते ती हवाच सरकत असते. नदी पोहून जाणारा माणूस प्रवाहाबरोबर खाली वाहत जातो ना, तसेच हे. पावणेचार तासांत विमान ११० किलोमीटरहून अधिक उजवीकडे ढकलले जाईल. होकायंत्र मात्र शेवटपर्यंत सांगत राहील की, दिशा बरोबर आहे! तोवर पेट्रोलही संपत आलेले असणार. म्हणून वैमानिक विमानाचे नाक वाऱ्याच्या दिशेने थोडे वळवून ठेवतो. आपल्या उदाहरणात हा कोन सुमारे ११ अंश येतो. (शिक्षकांनी वेगांचा त्रिकोण फळ्यावर काढून दाखवावा, पुस्तकातल्या होडीपेक्षा मुलांना हे उदाहरण अधिक आवडेल.) पण वारा किती आहे हे कळणार कसे? खालच्या नद्या, रेल्वेचे रूळ, गावे नकाशाशी ताडून पाहायची आणि विमान किती सरकले ते ओळखायचे. रणात अशा खुणा फारच थोड्या.

अहमदाबादला पेट्रोल बैलगाडीतून आले. ते भरून टाटा पुढे निघाले आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जुहूचा हा तळ १९२८ साली सुरू झाला होता. तळ म्हणजे काय, तर समुद्रालगतचे चिखलट मैदान आणि टाटांच्या कचेरीसाठी झावळ्यांनी शाकारलेली झोपडी. उन्हाळ्यात जमीन कडक असे. पावसाळ्यात मात्र सगळा खेळ खलास! मैदान भरतीच्या पातळीपेक्षाही खाली. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला, तर पाण्याचा निचरा होणार कुठे?

चिखलाने एवढे काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. पंखांना मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या निम्माच वेग गाठला, तर उचल निम्मी नव्हे, पाव मिळते. चिखलात चाके रुततात, वेग वाढत नाही आणि मैदान मात्र संपत येते. त्यामुळे पावसाळा आला की सगळे बिऱ्हाड पुण्याला, येरवड्याच्या मैदानावर हलत असे. जुहूच्या परिसरात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या पुण्यात सुमारे ७०० मिलिमीटर. विमानतळाची जागा ठरवताना आभाळाइतकाच पायाखालचा मातीचा विचार करावा लागतो तो यासाठी.

तरीही टपाल चुकले नाही. पहिल्या वर्षभरात या सेवेने सुमारे दहा टन टपाल आणि १५५ प्रवासी वाहून नेले. पुढे विमाने जड झाली, त्यांना लांब, पक्क्या धावपट्ट्या हव्या झाल्या आणि स्वातंत्र्यानंतर मोठी वाहतूक जवळच्या सांताक्रूझला गेली. जुहूला आज मुख्यतः हेलिकॉप्टरे उतरतात. टाटांच्या त्या टपालसेवेतूनच १९४६ साली 'एअर इंडिया' झाली.

त्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, टाटा पुन्हा एका जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानात बसले आणि कराचीहून जुहूला आले. तेव्हा त्यांचे वय होते ७८.