शेवटच्या शेतापर्यंत पाणी

कालव्याच्या माथ्यावर पाणी मुबलक आणि शेवटाला दुर्मिळ, हा अनुभव पाटपाण्याच्या गावांना नवा नाही. पुढील पाळीची खात्री नसल्याने माथ्याचा शेतकरी मिळेल तेवढे पाणी घेतो. त्यायोगे त्याची जमीन चिबड होते व शेवटाच्या शेतकऱ्याचे पीक ऐन भरात वाळते. ह्या दुखण्यावर एकट्या गावाचा उपाय पुरा पडत नाही, हे नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाच्या उदाहरणावरून ध्यानी येते.

वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर आहे. निफाड तालुक्यातील ओझर हे गाव त्याच्या कालव्याच्या शेवटास येते. धरण होऊनही तेथे पुरेसे पाणी पोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९१ च्या सुमारास ओझरला तीन सहकारी पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. संस्थेने पाणी मोजून घ्यावे, सभासदांत वाटावे आणि पाणीपट्टी स्वतः वसूल करावी, अशी ही व्यवस्था होती.

परंतु वरच्या अंगाला बेहिशेबी उपसा चालू राहिला, तर शेवटाच्या संस्थेचा हिशेब चोख असूनही तिची चारी कोरडीच राहणार. म्हणून माथा व मध्य भागांतील गावांतही संस्था स्थापन झाल्या, आणि २००३ मध्ये २४ संस्थांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था झाली. संपूर्ण कालव्याचे नियोजन सर्वांच्या विचाराने करण्यास अशा रीतीने जागा मिळाली. पुढे २००५ च्या अधिनियमाने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनास कायद्याचे अधिष्ठान लाभले. संस्थेच्या समितीत माथा, मध्य व शेवट ह्या तिन्ही भागांस प्रतिनिधित्व देण्याची तरतूदही त्यात आहे.

ग्रामसेवकांनी व संस्थांच्या चालकांनी पुढील गोष्टींकडे लक्ष पुरवावे.

१. पाणी प्रत्येक संस्थेच्या तोंडाशी मोजावे. मापाशिवाय वाटणी म्हणजे भांडणाला निमंत्रण होय.

२. हंगामापूर्वी धरणातील साठा पाहून सर्व संस्थांनी एकत्र बसावे, प्रत्येकीचा वाटा ठरवावा व मगच पिकांची निवड करावी.

३. भिजवणी शेवटाकडून माथ्याकडे करावी.

४. वाटा, पाळीच्या तारखा व मोजलेले पाणी ह्यांचा तक्ता चावडीवर लावावा.

५. संस्थांमधील तंटा प्रथम सर्वांच्या सामाईक बैठकीत मिटवावा.

माथ्याच्या शेतकऱ्यास ह्यात तोटा दिसेल. त्याची समजूत घालणे हेच ग्रामसेवकाचे खरे काम आहे. पाळी ठरल्या दिवशी येते हे एकदा पटले, म्हणजे गरजेपेक्षा अधिक पाणी घेण्याचे कारण उरत नाही. जमीन चिबडण्यापासून वाचते आणि तेच पाणी खालच्या गावाच्या पिकास उपयोगी पडते.