परदेशी शाळेतील नोकरी : निघण्यापूर्वीच ठरणाऱ्या गोष्टी

परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवायला जाणाऱ्या शिक्षकाचे बरेवाईट बहुतांशी विमानात बसण्यापूर्वीच ठरलेले असते. राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरासारख्या गावातून निघणाऱ्याला तर हे फारच लागू पडते. एखादा कागद मागे राहिला, तर त्यासाठी गाव, पुणे आणि मुंबई अशी धावपळ घरच्या माणसांना करावी लागते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने आखाती देशांविषयी, त्यातही संयुक्त अरब अमिरातींविषयी आहे आणि ते प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले आहे.

कागदपत्रे

पहिली तयारी नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असते आणि लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकेच्या बी.एड.च्या पदवीवर माहेरचे नाव असते. जन्मस्थळाचेही तसेच. गावाचे नाव इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते, नाशिकजवळचे देवळाली निराळे आणि २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. सर्व कागद एकाच व्यक्तीचे आहेत, हे परक्या देशातील अधिकाऱ्याला पटले पाहिजे. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचे राजपत्र सोबत ठेवावे.

त्यानंतर पदवीचे साक्षांकन. विद्यापीठाची पडताळणी, मुंबईत राज्य शासनाची आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची, असा हा क्रम असतो. भारत २००५ पासून, एकमेकांच्या कागदांचे साक्षांकन मान्य करणाऱ्या देशांच्या अपॉस्टिल करारात आहे. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबियातही अपॉस्टिल चालते. अमिराती या करारात नसल्याने त्यांच्या भारतातील दूतावासाचे साक्षांकनही लागते. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. तो पासपोर्ट यंत्रणेमार्फत मिळतो आणि अहिल्यानगर जिल्हा पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या कक्षेत येतो. पोलीस चौकशीला वेळ लागत असल्याने अर्ज लवकर करावा.

करार

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी न झालेल्या मजुराला आखातात नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते आणि त्या वेळी त्याचा करार तपासला जातो. शिकलेल्या माणसाला या परवानगीतून सूट आहे. त्यामुळे शिक्षकाचा करार निघताना कोणताही सरकारी अधिकारी वाचत नाही. तो शिक्षकानेच ओळीन् ओळ वाचायचा असतो. भरती करणारा एजंट मात्र सरकारकडे नोंदणीकृत असावा लागतो. ती नोंद ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. भेटीच्या व्हिसावर चला, नोकरीचा व्हिसा तिथे करून देऊ, असे सांगणाऱ्याला तिथल्या तिथे नकार द्यावा. भेटीच्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे आणि त्याची शिक्षा शिक्षकालाच भोगावी लागते.

करारात सर्वांत आधी पाहावे ते मूळ वेतन. अमिरातींत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी केवळ मूळ वेतनावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झाल्यावर ती लागू होते. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे, पुढे ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. समजा, दोन शिक्षकांना महिना ९,००० दिरहमच मिळतात. पण एकाचे मूळ वेतन ६,००० आहे आणि दुसऱ्याचे ३,०००. पाच वर्षांनी पहिल्याला २१,००० दिरहम मिळतील, दुसऱ्याला १०,५००. प्रस्तुत लेखिकेच्या पहिल्या करारात एकूण रकमेचा मोठा भाग भत्त्यांत दाखवला होता आणि त्याचा परिणाम नोकरी सोडतानाच कळला. घासाघीस सही करण्यापूर्वीच करावी. शाळेचे नेमणूकपत्र आणि कामगार मंत्रालयात नोंदवलेला करार यांतील आकडे जुळवून पाहावेत.

फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या तेथील कामगार कायद्यानुसार परिविक्षा काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतो, भरतीचा खर्च मालकाने करायचा असतो आणि त्याला पासपोर्ट ठेवून घेता येत नाही. नोटीस न देता निघून गेलेल्या शिक्षकाला मात्र वर्षभर नवा कामाचा परवाना नाकारला जाऊ शकतो. सुट्टीतले वेतन, वर्षाचे विमान तिकीट, घरभाडे, आरोग्य विमा आणि स्वतःच्या मुलांची फी हे सारे लेखी असावे.

इकडची नोकरी, पैसा आणि जमीन

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतील शिक्षकाने रजा लेखी मंजूर झाल्याशिवाय निघू नये. सोलापूर जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी रणजितसिंह डिसले यांच्याही फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेचा प्रश्न जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्र्यांपर्यंत गेला होता. राजीनामा देणाऱ्याची आधीची सेवा सामान्यतः निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही, याचा हिशेब नव्या पगाराशी घालावा.

परदेशात नोकरीला गेल्यावर गावच्या बँकेतील बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई एनआरई खात्यात ठेवावी. तिच्यावरील व्याज भारतात करमुक्त असते. उसाच्या पट्ट्यातील कुटुंबांनी एक नियम पक्का लक्षात ठेवावा : अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची किंवा वारसाने आलेली जमीन मात्र ठेवता येते. म्हणून आखातातील बचतीतून स्वतःच्या नावावर शेजारचे रान घेण्याचा बेत करू नये. सातबारा, पीककर्ज आणि सोसायटीची कामे पाहणाऱ्या नातेवाइकाला द्यायचे मुखत्यारपत्र नोंदणीकृत, नेमक्या कामांपुरते आणि मुदतीचे असावे.

तेथील वागणूक

शिकवण्या घेण्याची सवय तेथे महागात पडू शकते. अमिरातींत डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीसाठी परवाना मिळतो. त्याशिवाय शिकवणी घेऊ नये. गावच्या मंदिरासाठी किंवा गणेशोत्सवासाठी व्हॉट्सअॅपवरून वर्गणी मागू नये, कारण देणग्या गोळा करण्याची मुभा परवानाधारक संस्थांनाच आहे. वर्गातील मुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

पगार थकला किंवा पासपोर्ट अडवला, तर प्रथम शाळेला लेखी कळवावे, मग तेथील कामगार मंत्रालयाकडे तक्रार करावी. भारतीय दूतावासाकडे मदत मागण्यासाठी २०१५ पासून मदद हे संकेतस्थळ आहे आणि अडचणीतील भारतीयांसाठी २००९ पासून समुदाय कल्याण निधी आहे. तक्रारीला आधार लागतो तो करार, वेतनपावत्या आणि ईमेल यांचा. त्यांच्या प्रती पहिल्या दिवसापासून शाळेच्या संगणकाबाहेर, स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात आणि एक संच देवळाली प्रवराच्या घरी असावा.