मोराचं घरटं आणि फोटोवरचा पट्टा

गेल्या दिवाळीत पुतण्या गावी आला, तेव्हा त्याच्या फोनमध्ये ऑनएक्स हंट नावाचं अमेरिकन ॲप होतं. खास शिकाऱ्यांसाठी बनवलेलं. कोणती जमीन सरकारी, कोणती खासगी, हद्द कुठून जाते, वारा कुठल्या दिशेचा, सगळं नकाशावर. जमिनींची ती माहिती मात्र अमेरिका आणि कॅनडाची. "काका, आपल्या डोंगरासाठी असं काही आहे का?" त्यानं विचारलं. त्याला बंदूक धरायची नव्हती. बालाघाटाच्या डोंगरात हिंडायचं होतं, पक्षी बघायचे होते, फोटो काढायचे होते. मी लगेच काही बोललो नाही. रानात कोणतं ॲप न्यायचं, हे मी एकदा विचार न करता ठरवलं होतं, आणि ते एका लांडोरीला भोवलं होतं.

आमच्या बालाघाटातलं, बीड जिल्ह्यातलं मांजरसुंबा बहुतेकांना चौक म्हणूनच माहीत असतं. धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईला जाणारा रस्ता इथे मिळतात. लोक रबडीसाठी थांबतात आणि पुढे जातात. पण चौक सोडून थोडं आत वळलं, की कपिलधारचा डोंगर, मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा. पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य, १९९४ साली घोषित झालेलं, सुमारे ३० चौरस किलोमीटरचं. मोर मात्र तेवढ्यातच राहत नाही. सीताफळाच्या झाडोऱ्यात, तरवडाच्या आडोशाला, ओढ्याकाठच्या बाभळींवर, अभयारण्याच्या कितीतरी बाहेर त्याचा वावर आहे.

माझे आजोबा निजामाच्या काळात याच रानात ठासणीची बंदूक घेऊन फिरायचे. ससा, तित्तर मारायचे. त्यात अभिमान धरावा असं काही मला वाटत नाही. पण त्यांची एक सवय मला आठवते. तित्तर कुठल्या ओघळीत उतरतात, ससा कुठल्या बांधावरून जातो, हे ते सख्ख्या भावालाही सांगत नसत. स्वार्थासाठी का होईना, पण जागा राखायची, हे त्यांना कळत होतं. मी शिकलेला माणूस, शाळेत मास्तर, हातात कॅमेरा. मला ते कळलं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, नुकतीच पेरणी आटोपलेली. एका मेंढपाळ मामांनी मला लांडोरीचं घरटं दाखवलं. घरटं म्हणजे काय, तरवडाच्या बुंध्याशी जमिनीत उकरलेला उथळ खळगा, त्यात थोडा पालापाचोळा आणि पाच अंडी. आम्ही जवळ गेलो तशी लांडोर पाय न वाजवता झुडपातून निघून गेली. मी पुढे झालो, वाकलो आणि फोटो काढला.

फोटो काढला तो जीपीएस कॅमेऱ्यानं. शाळेतल्या वृक्षारोपणाचे, कार्यक्रमांचे फोटो वर पाठवायचे, तर त्यावर ठिकाण आणि वेळ छापलेली लागते, म्हणून ते ॲप माझ्याकडे होतंच. फोटोच्या तळाशी काळा पट्टा येतो. त्यावर गावाचं नाव, तारीख, वेळ, नकाशाचा तुकडा आणि अक्षांश-रेखांश, दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत. त्या दिवशी मला तो पट्टा छानच वाटला. पुरावा वाटला. 'आपल्या बालाघाटाचं वैभव' असं लिहून मी तो फोटो तीन ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले, आणि तो किती ठिकाणी पुढे गेला हे मला कधीच कळणार नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. खळगा रिकामा होता. अंड्यांची कवचंही नव्हती. झुडपाकडे येणाऱ्या पायवाटेवर बारीक तारेचे दोन फास लावलेले होते आणि एकाला पिसं चिकटली होती. मामा मेंढरं सोडून माझ्याजवळ आले. म्हणाले, "सर, बेस्तरवारी दोन पोरं आल्ती गाडीवर. मोबाइल हातात धरून नीट हितंच आली. मला वाट बी इचारली न्हाई."

ती पोरं कोण, हे मला आजही माहीत नाही. त्यांच्या हातात माझाच फोटो होता, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या झुडपाची वाट मामा आणि मी सोडून त्या पट्ट्यालाच ठाऊक होती. मी फोटो काढून टाकायला गेलो, तर 'सगळ्यांसाठी हटवा'ची मुदत उलटून गेली होती.

मग वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन केला. वनरक्षक आले, फास काढले, पंचनामा झाला. त्यांनी माझा फोटो मागून घेतला, मोठा करून तळाचा पट्टा वाचला आणि फोन परत दिला. काही बोलले नाहीत.

नंतर मी कायदा वाचला. तो आधीच वाचायला हवा होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून किमान २५ हजार रुपये दंड. शिक्षेपेक्षा मला थांबवलं ते शिकारीच्या व्याख्येनं. मारणं, पकडणं, फास लावणं हे त्यात आहेच, पण पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही 'शिकार' या शब्दातच येतं. फोटोसाठी मी दोन पावलं पुढे झालो होतो, लांडोर उठून गेली होती. आजोबांची बंदूक घरातून जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

म्हणून आता कुणीही रानासाठी ॲप विचारलं, की मी आधी एकच बघायला सांगतो: हे ॲप जागा कुणाला सांगतं?

याला एक साधं गणित आहे, ते पाठ करून ठेवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतरचा दुसरा आकडा साधारण १.१ किलोमीटरपर्यंत नेतो, तिसरा १११ मीटरपर्यंत, चौथा ११ मीटरपर्यंत. सहावा आकडा सेंटीमीटरांत जातो. फोनला एवढं अचूक कळत नाही, उघड्या रानातही काही मीटरची चूक असते, पण काही मीटर म्हणजे झुडपापाशी नेऊन सोडणंच झालं. कुणाला पक्ष्याची जागा कळवायचीच असेल, तर दोनच आकडे द्या, किंवा नुसतं तालुक्याचं नाव.

रानात निघण्याआधी फोनच्या कॅमेऱ्याचं 'लोकेशन' बंद करा. ते चालू असेल तर फोटोवर काही छापलेलं दिसलं नाही, तरी फाइलच्या आत जागा लिहिलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळून पडते, पण तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी पोहोचते. ई-मेलनं मूळ फाइल पाठवली तरी तसंच. ॲपला परवानगी देताना नव्या अँड्रॉइड फोनमध्ये 'अचूक' की 'अंदाजे' असं विचारतात. नकाशाच्या ॲपला अचूक जागा लागते. पक्ष्यांची नुसती चित्रं दाखवणाऱ्याला ती कशाला लागते, हे त्यालाच विचारावं.

नोंदी ठेवायच्या असतील तर ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट ही दोन्ही मी वापरतो. ई-बर्ड काही मोजक्या संवेदनशील पक्ष्यांची जागा स्वतःहून लपवतं. त्याच्यावर विसंबून घरट्याची जागा टाकू नका. आयनॅचरलिस्टवर कुठल्याही नोंदीची जागा आपण स्वतः धूसर करू शकतो. मग लोकांना खरी जागा न दिसता सुमारे २० किलोमीटरच्या चौकटीतला कुठला तरी एक बिंदू दिसतो. पहिल्या दिवशीच ही सोय शोधून ठेवा. व्याघ्र प्रकल्पांतले वनरक्षक गस्तीला एम-स्ट्राइप्स हे ॲप वापरतात. नेटवर्क नसलं तरी त्यात फिरलेली वाट आणि दिसलेल्या खुणा साठतात आणि नंतर खात्याकडे जातात. ज्यांचं आयुष्य जंगलात जातं, त्यांची माहिती चव्हाट्यावर येत नाही. आपली का यावी?

पक्षी ओळखायला मर्लिन चांगलं आहे, विशेषतः आवाजावरून. भारताचा संच आधी उतरवून घेतला की ते नेटवर्कशिवाय चालतं. पण त्याचा शब्द अखेरचा मानू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो. मर्लिन 'शिक्रा' म्हणालं आणि तारेवर कोतवाल बसलेला, असं माझ्याबाबतीत झालंय. कान आणि डोळा दोन्ही लावा. ॲपमधले आवाज स्पीकरवर वाजवून पक्षी बोलावणं तर मी पूर्णपणे सोडलं आहे. विणीच्या दिवसांत नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत शिरला. तो चारा सोडून त्याच्या शोधात फिरतो, आणि आपल्याला मिळतो एक फोटो.

नकाशाचं थोडक्यात सांगतो. जीपीएस उपग्रहांवरून चालतं, त्याला टॉवर लागत नाही. नकाशाचं चित्र मात्र इंटरनेटवरून येतं. मांजरसुंब्याच्या घाटाखाली एखाद्या ओघळीत उतरलात की रेंज जाते आणि पांढऱ्या पडद्यावर नुसता निळा ठिपका उरतो. मी एकदा कपिलधारच्या वरच्या अंगाला असाच अडकलो. संध्याकाळ झालेली, बॅटरी चार टक्के. महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे दिसले म्हणून बाहेर पडलो. तेव्हापासून ऑरगॅनिक मॅप्समध्ये परिसराचा नकाशा घरीच उतरवतो आणि निघण्यापूर्वी अंगणात फोन विमान मोडवर टाकून प्रत्येक ॲप उघडून बघतो. जे तिथे उघडलं नाही, ते डोंगरातही उघडणार नाही. रानात फोन विमान मोडवरच ठेवतो. बहुतेक फोनमध्ये जीपीएस तरी चालू राहतं आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. पॉवर बँक आणि एक साधा टॉर्च पिशवीत असतातच. घरच्यांना मात्र परतायची वेळ आणि कुठल्या बाजूला जातोय, ते सांगून निघा.

या माळावर फुरसं आहे, दगडांच्या कपारीत घोणस आहे. साप चावला तर तो कुठला, हे ॲपनं ओळखण्यासाठी त्याच्या मागे फोन घेऊन धावू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू न देता, विमान मोड काढून १०८ लावा आणि सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठा. रेंज नसेल तर ११२ लावून बघा. आपल्या कंपनीचा टॉवर नसला, तरी दुसऱ्या कुठल्या टॉवरवरून तो लागू शकतो.

पुतण्याला हे सगळं ओट्यावर बसून सांगितलं. त्यानं तिथेच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलं. जीपीएस कॅमेरा त्याच्याकडेही होता. तो त्यानं ठेवला, पण कॉलेजच्या कामापुरता.

यंदा आषाढात तो पुन्हा आला. मामांनी आम्हाला ओढ्यापलीकडे एक लांडोर बसलेली दाखवली. आम्ही अलीकडच्या दरडीवर थांबलो, दुर्बिणीतून बघितलं. तिच्या पाठीवर पाऊस पडत होता आणि ती हलत नव्हती. अंडी किती, ते दिसलं नाही. अंड्यांतून पिल्लं निघायला सुमारे २८ दिवस लागतात, म्हणून महिनाभर आम्ही तिकडे फिरकलो नाही. ऑगस्टच्या अखेरीस मामांचा फोन आला. तीन पिल्लं तिच्या मागं फिरतायत, म्हणाले. त्या रात्री मी नोंद टाकली. जागेच्या रकान्यात 'बीड जिल्हा' लिहिलं.