निर्वासितांची चूल आणि शेजाऱ्यांचे रान

मुलांनो,

गेल्या महिन्यात घराची डागडुजी करताना माळ्यावर वडिलांची जुनी पत्रे सापडली. तारेला ओवून ठेवलेली. त्यांत १९७१ सालचे एक पाकीट होते. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी ५ पैशांचे एक जादा तिकीट होते. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, सुमारे १ कोटी माणसे जीव वाचवण्यासाठी भारतात आली. त्यांच्या मदतीसाठी सरकारने पत्रांवर हे तिकीट लावणे सक्तीचे केले होते. जीव वाचवण्यासाठी स्वतःचा देश सोडून दुसऱ्या देशात जावे लागलेल्या माणसाला निर्वासित म्हणतात.

आता काळ कसा फिरतो बघा. ज्या देशातली माणसे एकदा निर्वासित झाली, त्याच देशाच्या दारात पुढे दुसरे निर्वासित आले. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमार देशातून रोहिंग्या लोक लष्कराच्या अत्याचारामुळे पळाले. काही महिन्यांत ७ लाखांहून अधिक माणसे बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात पोचली. आधीचे व नंतरचे मिळून आज तेथे १० लाखांहून जास्त निर्वासित आहेत. बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत ते राहतात.

त्यांना मदत म्हणून तांदूळ, डाळ, तेल मिळाले. पण तांदूळ काही कच्चा खाता येत नाही. तो शिजवायचा कशावर? जवळच डोंगर होते, डोंगरावर रान होते. मग काय होणार? लोक सरपणाला निघाले.

येथे आपण थोडे गणित करू. समजा, १० लाख माणसे, एका कुटुंबात ५ माणसे. म्हणजे कुटुंबे झाली २ लाख. एका चुलीला रोज ५ किलो सरपण धरा. ५ गुणिले २ लाख म्हणजे १० लाख किलो, म्हणजेच १००० टन. एका ट्रकमध्ये १० टन माल मावतो असे धरले, तर रोज १०० ट्रक लाकूड! हिशेब अंदाजाचा आहे, पण रान का टिकले नाही ते यावरून समजेल.

आधी फांद्या गेल्या, मग झाडे गेली, शेवटी लोकांनी मुळेही उकरली. मुळे माती धरून ठेवतात. ती गेल्यावर पावसाळ्यात दरडी कोसळू लागल्या. हत्तींच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच वस्ती झाली होती. हत्ती झोपड्यांत शिरले आणि माणसे दगावली. सरपण आणायला लांब जावे लागे, आणि त्यात बायकांबरोबर मुलेही असत. हे वाचताना मला माझी आक्का आठवली. तिने चौथीत शाळा सोडली आणि मोळ्या आणल्या. त्या मोळ्यांवर भाकरी भाजली, ती खाऊन मी शाळेत गेलो. चुलीची किंमत घरातले कोणीतरी असे देत असते, बरं का.

पण गोष्टीला दुसरी बाजू आहे. ते रान कोणाचे होते? शेजारच्या बांगलादेशी गावकऱ्यांचेही पोट त्यावर होते. तेही गरीबच. पाहुण्याला जागा दिली आणि आपलीच चूल विझायची वेळ आली, तर माणसाच्या मनात कटुता येणारच. म्हणून केवळ निर्वासितांना इंधन देऊन प्रश्न सुटत नाही. शेजाऱ्यालाही द्यावे लागते, कारण दोघांचा कोयता एकाच झाडावर पडतो.

२०१८ सालापासून संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी बांगलादेश सरकारच्या मदतीने निर्वासितांना गॅसच्या शेगड्या व टाक्या वाटल्या. आसपासच्या काही गरजू गावकऱ्यांनाही त्या दिल्या. सरपणाची तोड पुष्कळ कमी झाली. उघड्या डोंगरांवर रोपे लावली. उतारावर वाळा लावला, कारण वाळ्याची मुळे खोल जाऊन माती घट्ट धरतात. तेथे पाणी उपसणारे काही पंप आणि रस्त्यावरचे काही दिवे सूर्याच्या उजेडापासून मिळणाऱ्या विजेवर चालतात.

सूर्याच्या विजेचे आणखी मोठे उदाहरण जॉर्डन देशात आहे. तेथे झातारी नावाच्या छावणीत सीरियाचे सुमारे ८० हजार निर्वासित राहत होते. २०१७ साली तेथे १२.९ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र सुरू झाले. घरांना दिवसाचे सुमारे १४ तास वीज मिळू लागली. जास्तीची वीज जॉर्डनच्या तारांत जाते. म्हणजे ज्या देशाने आसरा दिला, त्यालाही थोडी परतफेड झाली.

मग कॉक्स बाजारचा प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. गॅसची टाकी रिकामी होते, ती पुन्हा भरावी लागते. निर्वासितांना छावणीबाहेर मोकळेपणी काम करण्याची परवानगी नाही, म्हणून तिचे पैसे दुसऱ्या देशांच्या देणगीतून येतात. २०२३ साली देणग्या घटल्या, तेव्हा माणशी महिन्याची अन्नमदत १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आली होती. गॅसचे पैसे असेच आटले, तर लोक पुन्हा कोयता घेऊन त्याच कोवळ्या रोपांकडे जातील. त्यांचा काय दोष? पोराला भूक लागली की आई झाड मोजत बसत नाही. म्हणून इंधनाला अन्नाइतकेच महत्त्व द्यायचे, आणि ते वर्षानुवर्षे पुरेल अशी सोय करायची.

आता तुमचे काम. ज्यांच्या घरी चूल आहे, त्यांनी एका दिवसाचे सरपण वजनकाट्यावर तोलावे. ते कोणी आणले आणि किती वेळ लागला, हेही आईला विचारून लिहावे. ज्यांच्याकडे गॅस आहे, त्यांनी टाकी किती दिवस पुरते ते लिहावे. शनिवारी आपण सगळे आकडे फळ्यावर मांडू आणि आपल्या गावाला वर्षाला किती झाडे लागतात, याचा अंदाज काढू.

तुमचे गुरुजी