पाचशे फुटांचा गाळा, भरतो किती?

साताऱ्यात पोवई नाक्याला काय किंवा सांगलीत विश्रामबागला काय, गाळा पाहायला गेलात की समजा एजंट म्हणतो, ‘पाचशे फूट, तीस रुपयांनी.’ म्हणजे महिना १५,००० रुपये. टेप लावला की रुंदी १२ फूट, खोली ३० फूट. भरले ३६०. उरलेले १४० जिना, पॅसेज, लिफ्ट आणि भिंतींत गेले. बाजारात याला ‘लोडिंग’ म्हणतात. कार्पेटवर हाच दर जवळपास ४२ रुपये पडतो. शेजारचा मालक ‘३८ रुपये कार्पेट’ म्हणाला, तर तोच स्वस्त.

रेराने कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे: बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, उघडी गच्ची वगळायची, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. पण तो कायदा बिल्डरच्या विक्रीसाठी. भाड्याला ‘सुपर बिल्टअप’, म्हणजे लोडिंग धरलेले फूट, सांगणाऱ्या मालकाला तो अडवत नाही. म्हणून भाडे कार्पेटवर ठरवा, मापाचा कच्चा नकाशा दोघांच्या सह्यांनी कराराला जोडा.

माप शटरच्या आतून, गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत घ्या. रुंदी पुढे, मध्ये, मागे अशी तिन्हीकडे तपासा. पेठेतला जुना गाळा मागे निमुळता निघू शकतो. अर्धा फूट कमी भरला तरी वरच्या हिशेबात १५ चौरस फूट, म्हणजे महिन्याला सव्वासहाशे रुपये जातात. शटरपुढचा ओटा मंजूर नकाशात नसेल तर त्याचे भाडे कशाला? पोटमाळा वेगळा मोजा. जिथे ताठ उभे राहता येत नाही तिथे तळमजल्याचा दर मागणे ही निव्वळ धिटाई आहे. सांगलीत मालासाठी तळघर घेणार असाल, तर २०१९ च्या पुरात पाणी कुठवर आले होते, ते आधी शेजाऱ्यांना विचारा.

आता कागदाचा खर्च. लिव्ह अँड लायसन्सला एकूण भाडे अधिक अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. भाडे १५,०००, मुदत ३६ महिने, अनामत एक लाख: ५,४०,००० अधिक ३०,०००, म्हणजे शुल्क १,४२५ रुपये. शहर हद्दीत नोंदणी फी आणखी १,०००. करार नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. खर्च कोणाचा, ते आधीच बोलून घ्या.

मालक जीएसटीत असेल तर भाड्यावर १८ टक्के, इथे २,७०० रुपये. मेंटेनन्स कोणत्या फुटांवर लावणार, हेही विचारा. भाडे कार्पेटवर आणि मेंटेनन्स पाचशेवर असला प्रकार करारात बिनबोभाट घुसतो.