चंदनाचें रोप व त्याचा शेजारी

चंदनाचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मनुष्य आपल्या देशांत सांपडणें कठीण. सहाणेवर उगाळलेलें गंध, उन्हाळ्यांत कपाळावर दिलेला लेप, अत्तर, साबण, कोरीव पेट्या, असा त्याचा व आपला परिचय फार जुना आहे. परंतु हा परिचय सगळा लांकडाशीं. चंदनाचें जिवंत झाड पाहून ओळखणारे थोडे, आणि त्याचें फळ हातांत धरलेले त्याहूनही थोडे. याचें एक कारण असें कीं, उभ्या झाडाला सुवास म्हणून येतच नाहीं. पान चुरगळावें, फूल हुंगावें, साल सोलावी, तरी कांहीं कळत नाहीं. सुगंध असतो तो खोडाच्या व मुळांच्या अगदीं आंतल्या पिंवळसर तपकिरी गाभ्यांत, आणि हा गाभा धरावयास झाडाला दहापंधरा वर्षें लागतात.

दिसण्यांतही हें झाड साधेंच. उंची बहुधा पंधरा मीटरांच्या आंत, फांद्या खालीं झुकलेल्या, पानें समोरासमोर, गुळगुळीत व टोंकाकडे निमुळतीं. फुलें लहान, उमलतांना तीं वाळल्या गवताच्या रंगाचीं असतात व पुढें किरमिजी होतात, म्हणून एकाच झुबक्यांत दोन रंग दिसतात. फळ वाटाण्याहून कांहींसें मोठें, पिकल्यावर जांभळट काळें, आणि आंत एकच कठीण बी. कर्नाटक व तामिळनाडूच्या कोरड्या पानगळीच्या जंगलांत हें झाड विशेष आढळतें. दख्खनच्या माळावरील झुडुपांतही तें मधून मधून भेटतें.

सुभाषितकारांनीं चंदनाला सज्जनाची उपमा दिली आहे. त्याच्या संगतीनें भोंवतालचे सामान्य वृक्षही सुगंधी होतात, असें त्यांचें म्हणणें. काव्य म्हणून तें गोड आहे. जमीन उकरून पाहिली असतां मात्र देणारा व घेणारा यांची जागा उलट झालेली दिसते. चंदनाच्या बारीक मुळांवर पांढुरक्या, घंटेच्या आकाराच्या लहान लहान गांठी असतात. या गांठी शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतात, त्याची साल भेदून आंत शिरतात व त्याच्या रसांतून आपला वांटा काढून घेतात. शेजारच्या मुळाचा शोध करीत असतां त्या कधीं कधीं चंदनाच्या स्वतःच्याच दुसऱ्या मुळाला मिठी मारतात, ही तर मोठी गंमत!

ही गोष्ट प्रथम १८७१ सालीं जॉन स्कॉट यांनीं नमूद केली. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानांत काम करणारा हा माणूस चार्ल्स डार्विन यांच्याशीं पत्रव्यवहार करणारा, चौकस व मेहनती होता. आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाचा अभ्यास करतां करतां त्याचें लक्ष चंदनाच्या मुळांकडे गेलें. हें नवल नव्हे, कारण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें बांडगूळ व चंदन हे दूरचे भाऊबंद आहेत. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मद्रास इलाख्याचे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ बार्बर यांनीं या गांठींचे पातळ छेद घेऊन त्यांची अंतर्रचना बारकाईनें वर्णिली. उंसाच्या नव्या जातींसाठीं कोइमतूरचें नांव झालें, त्या कामाचा पाया घालणारे बार्बर ते हेच.

तथापि चंदनाला निव्वळ चोर म्हणणें अन्यायाचें होईल. त्याचीं पानें हिरवीं आहेत. सूर्यप्रकाशांत आपली साखर तें आपणच बनवितें. पाण्याचा कांहीं भाग आणि नत्र, स्फुरद यांसारखीं द्रव्यें मात्र तें शेजाऱ्याकडून घेतें. म्हणून शास्त्रज्ञ त्यास अर्धपरोपजीवी म्हणतात, व ज्या झाडापासून तें घेतें त्यास यजमान. चंदनानें आश्रय केलेल्या यजमानांची गणना तीनशेंहून अधिक जातींवर गेली आहे. त्यांत गवतापासून मोठ्या वृक्षांपर्यंत सर्व आले. पण सगळ्यांच्या घरीं पाहुणचार सारखा होत नाहीं. तूर, करंज, बाभूळ यांच्या मुळांवरील गांठींत राहणारे जंतु हवेंतील नत्र मिळवितात, म्हणून अशीं झाडें चांगलीं यजमान ठरतात. सुरूही या कामीं नांवाजलेला आहे.

येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. बियेंत सांठविलेल्या अन्नावर चंदनाचें रोप कांहीं महिने एकटें सुखानें वाढतें. पानें तजेलदार असतात. विकत घेणाऱ्यास शंका येण्याचें कारण नसतें. पुढें वाढ खुंटते, पानें पिंवळीं पडतात, आणि मालक खत घालतो, पाणी वाढवितो, शेवटीं जमिनीला दोष देतो. रोप मात्र उपासमारीनें मेलेलें असतें. तेव्हां रोपें विकत आणावयाचीं असतील तर त्याच पिशवींत दुसरें एखादें रोप लावलें आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें, आणि तें तण समजून कोणी उपटणार नाहीं याची घरांत सर्वांस ताकीद द्यावी.

आतां बियेपासून रोप कसें करावें तें पाहूं. चंदनाला बहुधा वर्षांतून दोनदां बहर येतो. वीस वर्षांवरील निरोगी झाडाचीं पूर्ण पिकलेलीं फळें घ्यावींत. तीं पाण्यांत भिजवून, चोळून, गर साफ काढून टाकावा व बिया सावलींत सुकवाव्यात. एका किलोंत सुमारें सहा हजार बिया बसतात. बी ताजी असली तरी लगेच रुजत नाहीं; सुमारें दोन महिने ती झोंपेंतच असते. उलट नऊ महिन्यांहून जुनी झाली तर तिची उगवण्याची शक्ति फार घटते. म्हणजे पेरणाऱ्याला मधला काळ साधावा लागतो.

ही झोंप मोडण्याचा एक उपाय आहे. नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाईतदार घड लांबविण्यासाठीं जें जिबरेलिक आम्ल वापरतात, तेंच येथें उपयोगी पडतें. एक लिटर पाण्यांत अर्धा ग्राम या प्रमाणानें द्राव करून त्यांत बिया रात्रभर ठेवाव्यात. पूड पाण्यांत सहज विरघळत नाहीं, म्हणून ती प्रथम थोड्या स्पिरिटांत विरघळवून घ्यावी. हें काम मोठ्या माणसांनीं करावें. या उपचारानें बिया लौकर व बऱ्याच सारख्या उगवतात. औषध न मिळाल्यास अडत नाहीं. धीर मात्र अधिक लागतो. पहिले अंकुर दिसावयास महिना-सव्वा महिना आणि शेवटचे दिसावयास तीन महिनेही लागतात. कुंडी रिकामी समजून ओतून देऊं नये!

पेरणीचा वाफा तीन भाग वाळू व एक भाग तांबडी माती यांचा करावा. बिया पसरून वर बोटभर वाळूचा थर द्यावा आणि गवताचें पातळ आच्छादन घालावें. अंकुर वर येऊं लागले कीं तें काढून टाकावें. बी तेलकट असल्यामुळें उंदीर व खारी तिच्यावर टपलेल्या असतात, तरी वर तारेची जाळी हवी. पाणी बेतानें द्यावें. ओल फार झाली कीं बुरशी व सूक्ष्म सूत्रकृमि मिळून कोंवळीं रोपें एका आठवड्यांत आडवीं करतात.

रोपाला चारसहा पानें आलीं कीं तें मुळें न दुखावतां उचलून सुमारें तीस सेंटिमीटर उंचीच्या पिशवींत लावावें. पिशवींत दोन भाग वाळू, एक भाग माती व एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत असावें. त्याच वेळीं बाजूस तुरीचे एकदोन दाणे टोंचावेत. तूर झपाट्यानें वाढून चंदनाला झांकूं लागते, म्हणून तिचा शेंडा वरचेवर खुडावा. यजमान जिवंत राहावा पण त्यानें पाहुण्याचें ऊन अडवूं नये. सहा ते आठ महिन्यांत रोप हातभर होतें व पावसाळ्याच्या आरंभीं बाहेर लावण्यास योग्य ठरतें.

विद्यार्थ्यांनीं शाळेच्या बागेंत एक प्रयोग अवश्य करावा. सारख्या वयाचीं सहा रोपें घ्यावींत. दोन एकटीं लावावींत, दोहोंबरोबर तूर, दोहोंबरोबर मका. दर पंधरवड्यास उंची व पानांची संख्या वहींत लिहावी. वर्ष संपल्यावर एक तुरीची कुंडी पाण्याच्या बादलींत बुडवून माती हलके हलके सोडवावी आणि भिंगाखालीं मुळें पाहावींत. काय दिसेल व कोणतें रोप पुढें जाईल हें येथें सांगून मी तुमची मौज घालवीत नाहीं.

कायमच्या जागीं लावतांना पाणी साचणारी जमीन टाळावी. चंदन कोरडें सोसतें, चिखल सोसत नाहीं. तूर ही दोनतीन वर्षांची सोबतीण, म्हणून जवळच करंज, सुरू किंवा बाभूळ आधींच लावून ठेवावी. गुरें व शेळ्या चंदनाचा पाला आवडीनें खातात, तेव्हां कुंपण हवेंच. एक रोगही ध्यानांत ठेवावा. १८९९ मध्यें तो प्रथम कोडगूंत आढळला. त्यांत पानें लहान लहान होत जाऊन फांदीवर काट्यांसारखीं ताठ उभीं राहतात, आणि झाड दोनतीन वर्षांत मरतें. त्यावर खात्रीचा उपाय नाहीं. असें झाड ताबडतोब काढून टाकावें.

कायद्याची बाजूही पालकांस ठाऊक असावी. म्हैसुरांत टिपू सुलतानानें १७९२ सालीं चंदन हा राजवृक्ष ठरविला, आणि तेव्हांपासून तेथें बांधावर आपोआप उगवलेलें चंदनही सरकारचें झालें. राखण शेतकऱ्यानें करावी व लांकूड दुसऱ्यानें न्यावें, हा व्यवहार कोणाला रुचणार? झाडें कमी होण्यास हा नियमही पुष्कळ अंशीं कारण झाला, असें माझें मत आहे. कर्नाटकानें २००१ मध्यें व तामिळनाडूनें २००२ मध्यें कायदा बदलून झाडाची मालकी जमीनधारकास दिली. महाराष्ट्रांत तोडणीपूर्वीं वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. आणि तोडणी हा शब्द तरी पुरता खरा नाहीं. मुळांत तेल सर्वांत अधिक, म्हणून चंदन कापीत नाहींत, तें मुळासकट खणून काढतात.

ज्यांना बी मिळविणें जमत नाहीं त्यांनीं पक्ष्यांचें काम पाहावें. बुलबुल, कोकिळ, तांबट हीं पांखरें फळें गिळतात व दूरच्या झुडुपावर बसून बी टाकतात. घाणेरीच्या जाळींत किंवा काटेरी कुंपणांत चंदनाचीं रोपें सांपडतात तीं अशीं. असें रोप दिसलें तर उपटून कुंडींत आणूं नये. त्याचीं मुळें जाळीच्या मुळांना आधींच जोडलेलीं असतात, व तीं तुटलीं कीं तें बहुधा जगत नाहीं. भोंवतालची जाळी थोडी विरळ करून वर ऊन येऊं द्यावें, खालची सावली तशीच ठेवावी, आणि जागा लक्षांत राहावी म्हणून शेजारीं एक दगड रोवून ठेवावा.