प्लॅटिपस दिसला नाही, तरी लिहा

प्रश्न : आमची मुलगी मेलबर्नला असते. तिच्या शेजारचे लोक ओढ्याकाठी उभं राहून प्लॅटिपस मोजतात म्हणे. इतका लाजाळू प्राणी साध्या माणसांना मोजता येतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : येतो, फक्त चिकाटी हवी. प्लॅटिपस दिवसाचा बराच वेळ काठातल्या बिळात असतो. पाण्यात शिरला की डोळे, कान, नाकपुड्या मिटून घेतो आणि भक्ष्याच्या हालचालीतली सूक्ष्म वीज चोचीनं टिपतो. अर्ध्या-एक मिनिटानं श्वास घ्यायला वर येतो, तेवढ्यातच त्याला पाहायचं. ऑस्ट्रेलियन प्लॅटिपस मॉनिटरिंग नेटवर्कचे स्वयंसेवक ठरलेल्या जागेवरून पाच मिनिटं पाणी न्याहाळतात आणि किती दिसले ते लिहितात. पहाट किंवा तिन्हीसांज त्यासाठी बरी.

गंमत म्हणजे यात सगळ्यात मोलाची नोंद असते ‘शून्य’. दिसला तेव्हाच कळवायचं ठरवलं तर कुठलीही नदी भरलेलीच वाटेल. तीच जागा वर्षानुवर्षं पाहणारा माणूसच शून्यं वाढू लागल्याचं सांगू शकतो. हे काम चार दिवसांसाठी आलेल्या शास्त्रज्ञाचं नव्हेच, तिथं रोज कुत्रा फिरवायला नेणाऱ्याचं आहे! दुसरी रीत पाण्यात उतरलेल्या त्याच्या डीएनएवरून माग काढण्याची. व्हिक्टोरिया राज्यात 2021 साली लोकांच्या मदतीनं सुमारे दोन हजार ठिकाणचं पाणी असं तपासलं गेलं. त्याच वर्षी तिथं प्लॅटिपसची नोंद संकटग्रस्त प्राण्यांत झाली.

मोजणारे मग हळूहळू राखणदारही होतात. काठावर देशी झाडं लावतात. मुळांनी काठ धरला तर बिळं टिकतात. ‘यॅबी’ नावाचे गोड्या पाण्यातले झिंगे धरायच्या बंदिस्त सापळ्यात प्लॅटिपस शिरला की बाहेर पडता न आल्यानं बुडून मरतो. हे सापळे व्हिक्टोरियात 2019 पासून बंद आहेत, न्यू साउथ वेल्समध्ये 2021 पासून. केसांची रबरं मात्र कायद्यानं थांबत नाहीत. ती गळ्यात अडकून कातडीत रुततात, म्हणून टाकण्याआधी कापायची.

मुलीकडे जाल तेव्हा तुम्हीही पाच मिनिटं उभे राहा. पोहणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचं टोक पांढरं दिसलं तर मात्र ‘प्लॅटिपस’ म्हणून लिहू नका. तो रकाली, तिथला पाणउंदीर. त्याला पाहून तिथलेही फसतात.